उमेदवार ती, मुलाखत तिच्या घराची

किन्हवलीला मुलींसाठी एका दिवसाचं शिबिर होतं. विषय होता 'मुलाखतीची तयारी आणि यश'. शहरातून एक प्रशिक्षक आले होते. माणूस मनापासून बोलणारा. त्यांनी दहा नियमांचा कागद वाटला. कपडे फिकट रंगाचे घाला. दारात 'आत येऊ का' विचारा. सांगितल्याशिवाय बसू नका. ताठ बसा. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला. चेहऱ्यावर हलकं स्मित ठेवा. 'स्वतःविषयी सांगा' याचं उत्तर इंग्रजीत पाठ करून जा. मुलींनी सगळं वहीत उतरवून घेतलं. उतरवून घेण्यात आमच्या मुली पटाईत आहेत, शाळेने तेवढं तरी शिकवलंय.

दुपारी जेवणं झाल्यावर मी विचारलं, तुमच्यातल्या कितीजणी आजवर खरोखरीच्या मुलाखतीला जाऊन आल्यात? बरेच हात वर झाले. मग म्हटलं, तिथे काय काय विचारलं ते जसंच्या तसं सांगा. आधी नुसतंच हसू. मग एकीने सुरुवात केली आणि मग थांबेनात.

"लग्न झालंय का?" "नाही? मग ठरलंय का?" "ठरलं की सोडून जाणार, मग आम्ही काम शिकवायचं कशाला?" "झालंय? मग मूल?" "अजून नाही, म्हणजे आता होणार." "मिस्टर पाठवतील का?" "सासूबाईंना चालेल?" "किन्हवली? ती कुठे आली? तिथून रोज येणार कशी?" "हे आडनाव म्हणजे तुम्ही कोण?" एका कातकरी मुलीला विचारलं, "तुमच्यातले लोक भट्टीवर जातात ना? मग तू टिकणार का?" ती बारावी झालेली, टायपिंग शिकलेली. एका बाईचा नवरा वारलेला, पदरात पोर. तिला विचारलं, "एकट्याच राहता?" तिने हे सांगितलं तेव्हा खोलीतलं हसू थांबलं.

प्रशिक्षक जरा गोंधळले. म्हणाले, असे प्रश्न आले तर स्मित करायचं, नकारात्मक बोलायचं नाही, विषय हळूच बदलायचा. म्हणजे दहा नियमांत अकराव्याची भर.

मैत्रिणींनो, माझं भांडण त्या प्रशिक्षकांशी नाही. ते जे शिकवत होते तेच आपणही शिकवतो. 'व्यक्तिमत्त्व विकास' नावाची शिबिरं आपल्या कितीतरी गटांनी घेतली आहेत. निधी मिळतो, मुली येतात, फोटो चांगले निघतात. पण या शिबिरांनी काय धरून चाललेलं असतं? मुलीत काहीतरी उणं आहे. ती घाबरते, वाकून बसते, तिच्या तोंडचं 'नाय' जात नाही. हे उणेपण घासूनपुसून काढलं की नोकरी मिळेल. नाही मिळाली तर दोष पुन्हा तिच्याच पाठीच्या कण्याचा. आणि टेबलापलीकडचा माणूस, ज्याने तिच्या कामाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, तो या सगळ्यातून अलगद सुटतो. त्याचं शिबिर कोण घेणार?

बाहत्तरच्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या हजारो बायका खडी फोडायला गेल्या, तेव्हा कुणी त्यांची मुलाखत घेतली नव्हती. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचं तत्त्वच 'मागेल त्याला काम'. काम अंग मोडणारं, मजुरी थोडी, मस्टरवर खोटी नावं, हे सगळं खरं. पण सासूला चालेल का, असं मुकादमाने विचारलं नाही. त्या पिढीच्या लेकी-नाती शिकल्या, बी. ए., बी. कॉम. झाल्या, आणि शिकल्या म्हणूनच या खुर्चीत येऊन बसल्या. मुलाखत म्हणजे वशिल्याला मोकळं दार, हे सरकारनेही एका परीने मान्य केलंय. केंद्र सरकारने खालच्या श्रेणीतल्या नोकऱ्यांसाठीची मुलाखत १ जानेवारी २०१६ पासून बंद केली. पण आमच्या मुलींच्या वाट्याला येतात त्या नोकऱ्या वेगळ्या. महामार्गालगतची गोदामं, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने, खाजगी दवाखान्यात नावं लिहून घेण्याचं काम, इंग्रजी माध्यमाच्या शाळा, पतपेढ्या, आणि हो, आपल्यासारख्या संस्था. इथे लेखी परीक्षा नाही, गुणांची यादी नाही. जे काय आहे ते त्या दहा मिनिटांत.

कुणी म्हणेल, हे गावाकडच्या अडाणी मालकांचं बोलणं आहे, त्याचं एवढं काय? तसं नाही. मुंबईतल्या एका औषध कंपनीत नियमच होता की बाईने लग्न केलं की तिची नोकरी संपली. कामगार संघटना लढली आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मोडून काढला. कंपनीचं म्हणणं होतं की लग्न झालेल्या बायकांचे खाडे फार होतात. न्यायालयाने विचारलं, खाडे मुलांमुळे होत असतील तर मुलं असलेल्या विधवेचेही तेवढेच होतील, मग तिला कामावर ठेवता ते कसं? साधा हिशेबाचा प्रश्न. आजही कुठल्याही मालकाला विचारावा असा.

नीरा माथुर यांची गोष्ट तर प्रत्येक शिबिरात सांगितली पाहिजे. १९८९ साली आयुर्विमा महामंडळात त्यांची निवड झाली. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, वैद्यकीय तपासणीही झाली. त्या वेळी भरून घेतलेल्या अर्जात रकाने होते: पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, किती बाळंतपणं झाली, गर्भपात झाला का. पुढे त्यांनी बाळंतपणाची रजा घेतली, १९९० च्या जानेवारीत मूल झालं आणि लगोलग त्यांना कामावरून कमी केलं. कारण काय, तर शेवटच्या पाळीची तारीख खोटी सांगितली. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि हे रकाने काढून टाका असं महामंडळाला सांगितलं. पाळीची तारीख! विम्याचे कागद सांभाळण्याच्या नोकरीसाठी!

या गोष्टीला तीस वर्षं झाल्यावर स्टेट बँकेने काय केलं ते आठवा. तीन महिन्यांहून अधिक दिवस गेलेल्या उमेदवार बाईला 'तात्पुरती अपात्र' धरायचं, असा नियम तिने आणला. देशभर आरडाओरडा झाला तेव्हा २०२२ च्या जानेवारी अखेरीस तो मागे घेतला. आणि २०२४ च्या जूनमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बातमी दिली की चेन्नईजवळच्या फॉक्सकॉनच्या फोन जोडणीच्या कारखान्यात लग्न झालेल्या बायकांना परत पाठवलं जातं. कंपनीने इन्कार केला, केंद्राच्या श्रम मंत्रालयाने तामिळनाडू सरकारकडे अहवाल मागितला. म्हणजे शहापूरच्या गोदामातला सुपरवायझर आणि जगभर फोन पुरवणारी कंपनी, दोघांवर एकाच प्रश्नाचा आळ.

आता याच्या उलट बाजूला बघा. आशा कार्यकर्ती निवडायची तर राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काय म्हणतात? ती गावात राहणारी असावी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी, वय शक्यतो २५ ते ४५. कारण उघड आहे. लग्न झालेली बाई गावाला खुंट्याला बांधल्यासारखी, ती कुठे जाणार नाही. जिथे मानधनावर राबवायचं तिथे लग्न ही पात्रता, आणि जिथे पगार, फंड, बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा द्यावी लागेल तिथे तेच लग्न अपात्रता. दोन्हीकडे बाईचं लग्न वापरलं जातं, फक्त सोयीप्रमाणे. याला निव्वळ जुने विचार म्हणून सोडून देता येणार नाही. हा पैशाचा हिशेब आहे.

या विषयावर बोलायला लागलं की कुणीतरी हमखास सुधा मूर्तींची गोष्ट सांगतं. १९७४ साली पुण्याच्या टेल्कोची जाहिरात आली, त्यात लिहिलेलं की बायकांनी अर्ज करू नये. तेव्हाच्या सुधा कुलकर्णींनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, मुलाखतीला बोलावणं आलं आणि त्या नोकरीवर रुजू झाल्या. गोष्ट खरी आणि हिमतीची आहे. मला ती आवडते. पण सांगणारे ती नेहमी एकट्या मुलीच्या धाडसाची म्हणून सांगतात. बंगलोरच्या विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या मुलीचं पोस्टकार्ड वरपर्यंत पोचतं आणि वाचलंही जातं. आमची मुलगी कार्ड कुणाला लिहील? गोदाम एकाचं, माणसं पुरवणारा ठेकेदार दुसरा, मुलाखत घेणारा तिसऱ्याच एजन्सीचा, आणि नेमणुकीचं पत्र तर कुणीच देत नाही. धाडस तिच्याकडे काही कमी नाही. पत्ता नाही.

इथवर लिहिलं ते बाहेरच्यांविषयी. आता आपल्याविषयी.

काही वर्षांपूर्वी मी ज्या संस्थेत काम करत होते तिथे एका प्रकल्पासाठी माणूस घ्यायचा होता. टेबलापलीकडे आम्ही तिघं, त्यात मी. एम. एस. डब्ल्यू. करताना मुलाखतीचं तंत्र हा विषय मला होता, आणि मार्कही चांगले होते. जवळच्याच एका पाड्यावरची मुलगी आली. बचत गटाचा हिशेब तिने चार वर्षं लिहिलेला, बँकेत जाणं-येणं तीच करायची, पाड्यावर भांडण झालं की मिटवायला तिला बोलवायचे. मी तिला विचारलं, "लग्नानंतरही काम करशील ना?" आवाज अगदी प्रेमळ होता माझा. ती म्हणाली, "करीन ताई." माझ्या शेजारच्याने विचारलं, "घरची परवानगी आहे का?" ती म्हणाली, "हाय." मग एक मुलगा आला. त्याला आम्ही प्रकल्पाविषयी विचारलं, आराखडा कसा करशील, अहवाल लिहिलाय का कधी. लग्नाचं कुणीच काढलं नाही. घेतलं त्याला. कागदावर कारण लिहिलं, 'विषयाची जाण अधिक.' असणारच, तिला विषयाचं आम्ही विचारलंच कुठे? मुलगा पुढे पोलीस भरतीसाठी सोडून गेला. त्याच्यावर राग नाही, त्याला चांगली संधी मिळाली. पण तो सोडून जाईल ही शंका त्या दिवशी आमच्या तिघांपैकी एकाच्याही मनात आली नव्हती.

स्त्रियांसाठी काम करणारी संस्था, आणि मुलाखतीत गोदामाचाच प्रश्न, फक्त आवाज मऊ. म्हणून म्हणते, हे शिबिर आधी आपलं घ्यायला हवं. आपल्या प्रत्येक संस्थेने भरतीचे प्रश्न आधी कागदावर लिहावेत, ते कामाचेच असावेत, आणि बाई-पुरुष दोघांना तेच विचारावेत. रात्रीचा प्रवास असेल तर 'रात्री फिरू शकाल का' असं फक्त बाईला विचारण्याऐवजी, गाडी आणि मुक्कामाची सोय आम्ही काय करू ते सांगावं. ज्या गटाला हे जमत नाही त्याने मुलींना ताठ बसायला शिकवू नये.

मला ठाऊक आहे, काही मैत्रिणी म्हणतील: हे सगळं ठीक, पण तिला नोकरी हवी आहे, आत्ता, या महिन्यात. मालकाशी भांडली तर दारातूनच परत येईल. आधी आत जाऊ दे, मग लढू. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. ज्या मुलीच्या घरी पहाटे पाणी भरल्याशिवाय दिवस सुरू होत नाही (भातसा आणि तानसा धरणं आमच्या तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात टँकर आमच्या पाड्यांवर), तिला मी मुलाखतीत क्रांती कर असं सांगणार नाही. पण गप्प राहणं आणि भांडणं यांच्या मधेही बरीच जागा आहे. तयारी त्या जागेची करायची.

त्या दिवशी शिबिराचा उरलेला वेळ आम्ही असाच घालवला. दहा नियमांचा कागद बाजूला ठेवला आणि मुलींनी सांगितलेले प्रश्नच फळ्यावर लिहिले. एकीने साहेब व्हायचं, एकीने उमेदवार. साहेब व्हायला सगळ्या तयार, आणि काय हुबेहूब करतात! 'रोज येणार कशी' याला 'येईन सर' हे उत्तर नाही. उत्तर म्हणजे कागदावर लिहिलेलं वेळापत्रक: किन्हवलीहून पहिली एसटी किती वाजता, शहापूरला कधी, आसनगाव स्टेशनला कधी, लोकल कोणती, ती चुकली तर पुढची कोणती. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, म्हणजे महिन्याचा खर्च किती, तेही. वेळापत्रक समोर ठेवलं की बोलणं कामाच्या वेळेवर येतं. 'लग्न कधी' याला आमच्यातल्या एकीने शोधलेलं उत्तर मला सगळ्यांत आवडलं: "कामाची वेळ सांगा सर, ती मी पाळीन. घरचं मी बघते." शब्द साधे. आवाज चढवायची गरज नाही, आणि हसून गिळायचीही नाही.

अनुभव विचारला की सगळ्या म्हणत, "काही नाही." मग एकेकीला खोदून विचारलं. गटाचं कर्ज किती जणींना दिलं, वसुली कुणी केली, ठराव कुणी लिहिला, ग्रामसेवकाकडे किती खेपा घातल्या? दुकानात बापाच्या जागी कोण बसतं? आजीला ठाण्याच्या सिव्हिलमध्ये नेलं तेव्हा केसपेपरपासून सगळं कुणी केलं? हा सगळा अनुभवच आहे. फक्त त्याचा दाखला नाही, म्हणून तिला तो अनुभव वाटत नाही.

भाषेचंही तसंच. दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घेण्याच्या नोकरीत एकीला नाकारलं, बोलणं गावठी म्हणून. दवाखान्यात येणारे पेशंट कुठले? धसई, डोळखांब, सरळगावचेच ना? त्यांना तिचं बोलणं डॉक्टरांपेक्षा लवकर कळलं असतं. इंग्रजी शिकावं, जरूर शिकावं. पण 'नाय' म्हणणारीला काम येत नाही, हे कुणी ठरवलं?

आणखी काही गोष्टी दहा नियमांत नव्हत्या. पगार किती, तो बँकेत की हातात, फंड कापणार का, नेमणुकीचं पत्र मिळेल का, हे विचारणं उद्धटपणा नाही. आमच्या मुलींना हे विचारायला लाज वाटते, म्हणून पहिला पगार हातात पडेपर्यंत आकडा कळत नाही. मूळ गुणपत्रिका कुणाकडे ठेवायच्या नाहीत, फक्त दाखवायच्या आणि झेरॉक्स द्यायची. नोकरीसाठी 'डिपॉझिट' मागितलं तर उठायचं. भावाला बरोबर नेलं की साहेब भावाशीच बोलतो, म्हणून जायचं तर मैत्रिणीबरोबर, आणि ती बाहेर थांबेल. मुलाखत लॉजवर किंवा संध्याकाळी बंद ऑफिसात ठेवली असेल तर ती मुलाखत नव्हे. तिथे कुणी अंगचटीला आला, घाणेरडं बोलला, तर २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा नुसत्या उमेदवार बाईलाही लागू आहे. नोकरीत असो वा नसो, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची. ऑफिसात समिती नसेल, दहाहून कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. भरतीत बाई-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती, २०१९ च्या वेतन संहितेने ती पुढे चालू ठेवली आहे. मात्र 'लग्नाचं विचारू नका' एवढं सरळ वाक्य त्यात नाही. ते यावं अशी मागणी आपण आजवर नेटाने केलेली नाही, हेही लिहून ठेवते.

एक वही आम्ही त्या दिवशी सुरू केली. मुलाखतीला जाऊन आलेल्या मुलीने तिच्यात लिहायचं: कुठे गेले, कुणी घेतली, कामाचे प्रश्न कोणते, बाकीचे कोणते, पगार किती सांगितला, कधी कळवतो म्हणाले. आपलं नाव लिहायची सक्ती नाही. पुढची मुलगी त्याच ठिकाणी निघाली की आधी वही वाचून जाते. चार-पाच नोंदी एकाच ठिकाणच्या झाल्या की आम्ही दोघी-तिघी त्या मालकाला भेटायला जायचं ठरवलंय, वही घेऊन. एका ठिकाणी जाऊन आलो. आधी चहा दिला, मग म्हणाले, "आम्ही सहज विचारतो हो, आपुलकीने." मी म्हटलं, मुलांना विचारता का आपुलकीने? चहा संपला, उत्तर आलं नाही. पण त्यानंतर गेलेल्या मुलीच्या नोंदीत 'बाकीचे प्रश्न' या रकान्यापुढे फुली आहे.

टायपिंग शिकलेली ती कातकरी मुलगी गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ऑफिसात जाऊन आली. तिला पुन्हा भट्टीचं विचारलं. तिने सांगितलं, "माझे आईबाप जातात. मी टायपिंगसाठी आलेय, टायपिंग घेऊन बघा." घेतलं. दहा मिनिटं मराठी, दहा मिनिटं इंग्रजी. कळवतो म्हणाले. कधी, असं तिने विचारलं आणि तारीख मागून घेतली. ती तारीख वहीत आहे, तिच्याखाली येण्याजाण्याचं भाडं.